आठ डबे आणि देणाऱ्याचे नाव

अखिलभूमंडलान्तर्धानपटू, समन्सपरावर्तनधुरंधर, पत्तापरिवर्तनचक्रचूडामणी, पोटगीपराङ्मुख, एकादशवर्षीय अनुपस्थितिव्रताचे निष्ठावंत आचरणकर्ते, वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीलाही न बधणारे, आणि (हे बिरुद गेल्या आठवड्यापर्यंत मला ठाऊक नव्हते) सकलधातुपात्रनामांकनकलानिपुण, कैलासवासी संपतराव, मुक्काम पासली, तालुका वेल्हे, हा शेवटचा ज्ञात पत्ता, तदनंतरचा टपालखात्याच्या कक्षेबाहेर, यांसी,

प्रिय संपतराव,

'प्रिय' लिहिताना लेखणी अडली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. भोरमधल्या माझ्या लहानशा छापखान्यात गेली पंचवीस वर्षे मी लग्नपत्रिका छापतो आणि लोकांची मानपत्रे रचतो. ज्यांनी हयातीत खुर्चीखेरीज काही झिजवले नाही, त्यांना मी 'कर्तव्यतत्पर' केले आहे. परंतु जो गृहस्थ बायकोला आणि तीन वर्षांच्या लेकीला टाकून परागंदा झाला, त्याला प्रिय म्हणण्याचा प्रसंग पूर्वी आला नव्हता. त्यातून ती बायको आता माझी पत्नी. आणि लेक? ती तुमची की माझी, हाच तर आपल्यातला वाद होता!

मग आत्ताच पत्र का? कारण तुमच्या दहाव्याहून मी एक पोते घेऊन परतलो, आणि तेव्हापासून माझी मती जी गुंग झाली आहे ती अद्याप पूर्वस्थितीवर आलेली नाही. माझ्यासारख्याला शब्द सुचू नयेत! गिऱ्हाइकांना कळले तर छापखान्याला कुलूप लावावे लागेल.

आपली ओळख नाही, असे मी गेल्या आठवड्यापर्यंत समजत होतो. कल्पनाकडे तुमचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्यांमागून फक्त एक नाक दिसत होते. नाकावरून मनुष्य ओळखण्याइतका मी शास्त्रज्ञ नाही. शिवाय मला तुम्हांला ओळखायचेच नव्हते.

केतकी पाच वर्षांची असताना मी तिच्या आयुष्यात आलो. पहिल्या दिवशी तिने माझ्या चष्म्याला पेढा चिकटवला आणि दुसऱ्या महिन्यात मला बाबा म्हणाली. कायदा मात्र इतक्या वेगाने चालत नाही. वकीलबाई म्हणाल्या, "सावत्र वडिलांना दत्तक घेता येतं, पण जन्मदाता हयात आहे. त्याची लेखी संमती लागेल." हयात! ज्याने अकरा वर्षांत एक फोन केला नाही, पोटगीचे चार हप्ते देऊन जो धुक्यासारखा विरला, तो कायद्याच्या दृष्टीने पिता. आणि जो रोज सकाळी वेणी घालतो, तीही वाकडी, तो कोणी नव्हे!

शाळेच्या हजेरीत ती 'केतकी संपत'. रोज सकाळी तुम्ही नसताना तुमचे नाव मोठ्याने पुकारले जाई आणि तिला उभे राहून 'हजर' म्हणावे लागे. माझे नाव त्या अख्ख्या शाळेत एकाच ठिकाणी होते: तिच्या डब्यावर. स्टीलचा, दोन पुडांचा, पहिलीत जाताना घेतलेला. ती नववीत गेली तरी तोच नेते.

तर तुमच्या निधनाची वार्ता. कल्पनाच्या जुन्या नंबरावर तुमच्या थोरल्या बहिणीचा, हौसाबाईंचा, फोन आला. छातीत कळ आली आणि वेल्ह्याला नेईपर्यंत खेळ आटोपला. कल्पनाने फोन ठेवला, निम्मी चिरलेली मेथी पूर्ण चिरली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी येणार नाही. केतकीलाही नेऊ नका." आवाजात ना राग, ना रडे. मी दचकलो, संपतराव. ही बाई दूध उतू गेले तरी हळहळते!

आता एक लाजिरवाणी कबुली. मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग सोपं झालं की. मृत्यूचा दाखला जोडला की संमतीचा प्रश्नच उरत नाही. फक्त मुलीला विचारतील. तिनं नाही म्हटलं तर मात्र संपलं." आणि मला आनंद झाला! अर्धा मिनिट, पण निर्भेळ आनंद. एका मनुष्याच्या देहान्ताने माझा एक रकाना सुटला म्हणून. असला हर्ष आपल्या ठायी वसतो, हे कळल्यावर मी खुर्चीत बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

पासलीला एसटीने पोहोचलो. ओढ्याकाठी मंडळी जमली होती. पांढऱ्या टोपीच्या एका वृद्धांनी विचारले, "पाव्हणं कोण?"

मी म्हणालो, "मयताच्या मुलीचा बाप."

वृद्धांनी टोपी सारखी केली. मग शेजारच्याला म्हणाले, "ह्यांना आदी च्या द्या. उन्हातनं आल्यात."

विधी आटोपल्यावर हौसाबाईंनी मला घराच्या ओटीवर बसवले. खाली खाचरांतून भाताची कापणी चालली होती. त्या आतून एक पोते ओढत घेऊन आल्या. पोत्यात खणखणाट.

"पाव्हणं, हे घिऊन जावा. ह्यात माझं काय न्हाई. पोरीचं हाय."

आत डबे होते. स्टीलचे, लहानमोठे, एकूण आठ. प्रत्येकावर नाव घातलेले. पहिला उचलला आणि वाचला: 'चिरंजीविनी कुमारी केतकी विश्वंभर, इयत्ता दुसरी.' दुसरा: इयत्ता तिसरी. मग चौथी. अशी नववीपर्यंत. प्रत्येक नावाशेवटी पाच पाकळ्यांचे एक फूल.

संपतराव, विश्वंभर हे माझे नाव आहे!

आणि 'चिरंजीविनी कुमारी' हे एवढ्याशा पोरीच्या डब्यावर लिहिण्याचा आचरटपणा उभ्या भोर-वेल्ह्यात एकच मनुष्य करू शकतो. तो म्हणजे मीच. पण ही नावे मी घालून घेतलेली नव्हती. मग अक्षराकडे पाहिले. छिन्नीच्या ठोक्यांनी टिंबाटिंबांचे काढलेले, 'क' चे पोट किंचित फुगलेले. मी अक्षरांवर पोट भरणारा मनुष्य आहे; एकदा पाहिलेले वळण विसरत नाही. हे वळण मी आठ वर्षे रोज सकाळी पाहत होतो, डब्यात पोळी ठेवताना!

किकवीच्या बाजूची ती जत्रा आठवते ना? भांड्याच्या दुकानापुढे गोणपाटावर एक मनुष्य बसला होता, छिन्नी नि लहान हातोडी घेऊन. अक्षरागणिक दर. मी त्याला मजकूर सांगितला, भरघोस. तो मान वर न करता म्हणाला, "सायेब, लई अक्षरं होत्यात." मी म्हणालो, विश्वंभरातील 'श्व' हे जोडाक्षर आहे, ते एकच धरावे, दोन नव्हे. तो म्हणाला, "ठोकं तर दुप्पट पडत्यात." यावर मी त्याला जोडाक्षरमीमांसा ऐकवली. दहा मिनिटे! शेवटी केतकी त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "काका, फूल पण काढा की." त्याने फूल काढले. आणि मी पैसे पुढे करताच हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. पोरीचा डबा हाय."

मी त्याचा चेहरा पाहिला नाही. मला फक्त टोपी आठवते. घरी येऊन मी बढाई मारली, की शास्त्रार्थात हरला आणि फुकट घालून दिले!

तो तुम्ही होता.

तुम्ही. स्वतःच्या लेकीच्या डब्यावर, माझ्या तोंडून ऐकून, माझे नाव, ठोक्याठोक्याने. आणि मी जोडाक्षराची घासाघीस करीत होतो!

हौसाबाई सांगत होत्या आणि माझ्या हातातला चहा निवत होता. "घरी आला त्या दिशी जेवला न्हाई. म्हनला, आक्का, माझ्याच हातानं पोरीच्या डब्यावर दुसऱ्याचं नाव घातलं. दोन दिस गप. मंग म्हनला, मानूस बरा हाय. बडबड लई करतो, पर डबा तोच भरतो."

"हे त्यांना कसे कळले?" मी विचारले.

"ते मला काय ठावं? पर तवापासून दर साली एक डबा घालायचा. म्या म्हनायची, न्हेऊन दे. म्हनायचा, कुठल्या तोंडानं?"

मग मला संताप आला, लपवत नाही. एवढे होते तर सही का दिली नाही? एक सही! सहा वर्षांपूर्वी मी पासलीच्या पत्त्यावर स्वतः पत्र पाठवले होते. ते पोहोचले नाही काय?

"पोचलं की!" हौसाबाई उसळल्या. "समद्या गावानं वाचलं. कुनाला उमजंना. शिकल्यालं पोरगं बोलावलं, त्ये म्हनलं, ह्यात कसलं तरी इसर्जन हाय आन पोटगी हाय, अटक हुईल असं दिसतंय. त्याच रातच्याला संपत घर सोडून गेला. मंग तुमच्या नोटिसा येत ऱ्हायल्या, त्यो पुढं पळत ऱ्हायला. सालातनं एकदा रातच्याला डबा ठिवाया तेवढा यायचा."

त्या पत्राची स्थळप्रत माझ्या फायलीत आहे. परत येऊन काढली. 'आपल्या जनकत्वाधिकाराचे स्वेच्छया विसर्जन करण्यास आपण अनुमत असल्यास, थकीत पोटगीच्या दायित्वासंबंधी कोणताही दंडात्मक उपाय योजण्याचा आमचा मानस नाही, तथापि…' असे सव्वा पान. हे मी लिहिले तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. कल्पनाला वाचूनही दाखवले होते!

'सही द्या. अटक होणार नाही. पोरगी सुखात आहे.' एवढे लिहिले असते तर पुरले असते. सहा वर्षे, संपतराव! माझ्या गद्याने सहा वर्षे तुम्हांला रानोमाळ पळवले.

परंतु सगळे खापर माझ्या माथी फुटू देणार नाही. तुम्हांलाही विचारतो. डेंग्यूत ती अकरा दिवस रुग्णालयात होती, तेव्हा कुठे होता? गणितात नापास झाली आणि माळ्यावर लपून बसली तेव्हा? कल्पनाने शिवणाची दोन मशिने चालवून घर उभे केले, तेव्हा छिन्नी कुठल्या जत्रेत वाजत होती? वर्षाला एक डबा, तोही घरी ठेवलेला! याला पितृत्व म्हणावे काय? कल्पनाला पोत्याची हकीगत सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अकरा वर्षांत एक फोन नाही. आणि आता डबे. त्यात काय भरू, सांगा मला." उत्तर मी तुमच्यावर सोपवतो. तुम्हांला सुचते का पाहा.

पोते मी घरी नेले नाही. छापखान्यात, कागदाच्या गठ्ठ्यांमागे दडवले. कारण उघड आहे. केतकीची सही व्हायची होती. चौदा वर्षांची मुलगी. मेलेल्या बापाचे आठ डबे पाहून तिचे मन फिरले तर? माझे नाव नको म्हणाली तर? तुम्ही जिवंतपणी पळून मला अडवलेत, आता मेल्यावर स्वहस्ताक्षरात अडवणार, असे मला वाटले. आठ वर्षांची वेणी आणि आठ डबे एका पारड्यात… नको! मी चार दिवस त्या गठ्ठ्यांकडे पाठ करून बसलो. ज्याला मी फरारी म्हणत होतो, त्याच्याहून वेगळे मी काय करीत होतो?

काल दुपारी शाळेतून ती थेट छापखान्यात आली. तिला प्रकल्पासाठी पुठ्ठा हवा होता. मी उठेपर्यंत ती गठ्ठ्यांमागे शिरली आणि खणखणाट झाला.

ती एकेक डबा काढून ओळीने जमिनीवर मांडत गेली. दुसरी, तिसरी, चौथी. नववीचा हातात धरून म्हणाली, "हे माझ्या डब्याचं अक्षर आहे. ते जत्रेतले काका."

"तुला आठवतात?"

"हो. तुम्ही भांडत होतात त्यांच्याशी. त्यांनी मला हळूच विचारलं, डबा कोण भरतं तुझा? मी म्हटलं, बाबा." तिने फुलावरून बोट फिरवले. "मग ते म्हणाले, बरं बरं. कोण होते ते?"

मी सांगितले. सगळे. एकही समास न वापरता. मी बोलत होतो आणि तिचा चेहरा निर्विकार, अगदी मेथी चिरणाऱ्या आईसारखा. मग तिने आठही डब्यांची फुले एका रेषेत फिरवून घेतली. बाहेर टेम्पोतून कोणी कांदे विकत होता. त्या आरोळीचा मला आयुष्यात एवढा आधार कधी वाटला नव्हता.

"अर्ज दाखवा," ती म्हणाली.

मी दिला. तिने शेवटचे पान वाचले. "'जन्मदात्या पित्याच्या कुटुंबाशी असलेले सर्व संबंध संपुष्टात येतील.' म्हणजे? आत्यापण?"

"कायद्याने, होय."

"कायदा पासलीला जातो का?"

"रस्ता वाईट आहे. बहुधा नाही."

"मग आपण जायचं. दर वर्षी. सही कुठं करायची ते सांगा."

संपतराव, इतके सोपे! आठ वर्षे मी ज्या वाक्याला घाबरत होतो, ते एवढ्यात आटोपले. मी डोळे पुसायला चष्मा काढला, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "पण बाबा, ह्यांच्यावर 'कुणाकडून' ते नाहीच."

मला ते दिसलेच नव्हते! आपल्याकडे भांडे द्यायचे तर देणाऱ्याचे नाव आधी. वास्तुशांतीला आलेल्या चमच्यावरही 'मामांकडून' असते. तुम्ही हजारो भांड्यांवर हजारो लोकांची 'कडून' घातलीत, आणि या आठांवर नावाखालची जागा कोरी सोडलीत. बरोब्बर एका ओळीची.

पोत्याच्या तळाशी तुमची छिन्नी आणि हातोडी होती. ती घेऊन बसली. मी लगेच मजकूर सुचवला, "जन्मदाते कैलासवासी तीर्थस्वरूप…"

तिने मान वर केली नाही. "बाबा, साधं सांगा. लई अक्षरं होतात."

मी मजकूर मागे घेतला. हेच वाक्य त्याच वळणाने मी पूर्वी ऐकले होते.

तिने इयत्ता दुसरीचा डबा मांडीत धरला आणि पहिला ठोका घातला. वाकडा पडला. दुसरा बरा पडला. एका अक्षरास पाऊण तास लागला, आणि 'स' पूर्ण झाला तेव्हा तिचा अंगठा लाल झाला होता. 'संपत यांजकडून' एवढेच घालायचे ठरले आहे. बिरुद नाही.

संध्याकाळी पोते घरी नेले. कल्पनाने डबे घासले, जरा जास्तच जोराने, पुसले, आणि एकात रवा भरला, एकात शेंगदाणे.

तेव्हा हे वचन, आणि ते मुद्दाम साध्या भाषेत देतो, म्हणजे गावात शिकलेले पोरगे बोलावून वाचून घ्यावे लागणार नाही. आठही डब्यांवर तुमचे नाव येईल. ती घालेल. दहावीचा डबा आम्ही त्याच जत्रेत घेऊ. आत्याकडे दर वर्षी नेईन, एसटी असो वा नसो. तिच्या नावापुढे माझे नाव लागेल आणि ते कुणी दिले, हे तिला ठाऊक असेल. तिला तुमच्याविषयी राग आला तर येऊ देईन, रडू आले तर तेही. आणि डबा मी भरेन.

आपला, जोडाक्षराबाबत बिनशर्त हार मान्य करणारा,
विश्वंभर

ता. क. : डबे आठ आहेत, झाकणे सात. इयत्ता पाचवीचे नाही. पोते दोनदा झटकले. हौसाबाई म्हणतात, हितं काय न्हाई. भोरच्या बाजारातला भांडेवाला म्हणतो, सुटे झाकण मिळत नाही, अख्खा डबा घ्या. नेमका त्याच डब्यात कल्पनाने रवा भरला आहे. वर ताटली ठेवली आहे, ती घसरते, आणि आज सकाळी मुंग्या झाल्या. संपतराव, एवढे तरी सांगून जायचे होते: तो डबा घेतला कुठल्या दुकानातून?